मिसरीची बैठक

भागीरथाबाईला अकोल्यात येऊन महिना झाला, तरी तिचा डोळा उघडायचा तो गावच्याच वेळेला. बाहेर अजून काळोख. जठारपेठेतल्या त्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात मुलगा धर्मेंद्र, सून सीमा आणि चार वर्षांची नात पायल गाढ झोपलेली असायची. भागीरथाबाई पायांचा आवाज न करता उठे, स्वयंपाकघर ओलांडून मागच्या गॅलरीत जाई, दार ओढून घेई आणि कपडे धुवायच्या मशीनशेजारी पाट टाकून बसे. कमरेची टिनाची डबी काढून चिमूटभर मिसरी डाव्या तळव्यावर घेई. मग उजव्या हाताचं बोट त्यात बुडवून दातांवरून, हिरड्यांवरून सावकाश फिरवत राही.

तोंड झिणझिणायचं, डोकं हलकं व्हायचं, आणि समोरच्या इमारतीची भिंत दिसेनाशी होऊन मैनाचा ओटा दिसायला लागायचा.

तिचं गाव नांदगाव खंडेश्वरपासून कोसभर आत. लग्न होऊन ती त्या गावात आली, त्याच उन्हाळ्यात शेजारच्या घरात मैना सून म्हणून आली. दोघी पोरसवदा, दोघींच्या सासवा तिखट. दिवसभर शेत, पाणी, भाकरी. एकमेकींशी बोलायला सवड कुठली? पण पहाटे मिसरी लावायला बसलेल्या बाईला सासूसुद्धा उठवत नसे, कारण तिची स्वतःचीही मिसरी चाललेली असे. तेवढी एक वेळ सुनांची. मैनाच्या ओट्यावर दोघी बसायच्या, पुढे इंदूबाई यायला लागली, आणखी एकदोघी आल्या. बोट दातांवर आणि जीभ गावभर. कुणाला दिवस गेले, कुणाच्या नवऱ्यानं रात्री हात उचलला, कुणाच्या पोरीला पाहुणे पाहून गेले, सगळं तिथंच कळायचं. डोमाजी, म्हणजे भागीरथाबाईचा नवरा गेला, तेव्हा ती कित्येक दिवस घराबाहेर पडली नव्हती. एके पहाटे मैनाच तिच्या दारात आली. शेजारी बसली, स्वतःची डबी उघडून पुढं केली. त्या दिवशी भागीरथाबाई पहिल्यांदा पोटभर रडली.

तशी मिसरी तिला लागली होती त्याही आधी, माहेरी. तूर सोंगायच्या दिवसांत दाढ ठणकायला लागली आणि आईनं तव्यावर भाजलेली तंबाखू बारीक कुटून त्या दाढेत भरली. दाढ थांबली, गरगरायला लागलं, आणि पोर बांधावर बसून उगाच हसत सुटली. आईही हसली. तेव्हापासूनचा तो नाद.

धर्मेंद्र वीज कंपनीत कामाला. सीमाला यंदा एका शाळेत नोकरी लागली, सकाळच्या पाळीची. पायलला सांभाळणारी बाई मध्येच सोडून गेली, तेव्हा धर्मेंद्र गावी येऊन आईला घेऊन गेला. आली त्याच दिवशी सीमानं चहाचा कप हातात देताना हळूच सांगितलं होतं, "आई, एकच सांगायचं होतं. राग मानू नका. पायलसमोर तेवढी मिसरी लावू नका. ती जे पाहते तेच करते."

"नाई लावत बाप्पा," भागीरथाबाई म्हणाली होती. आणि तिनं शब्द पाळलाही. म्हणून तर ही मागची गॅलरी आणि ओढलेलं दार.

दुसरं काम सीमानं दिलं ते जड होतं. पायलच्या खालच्या दाढेला कीड लागली होती. दातांच्या डॉक्टरनं ती भरून दिली आणि बजावलं, की सात-आठ वर्षांची होईपर्यंत हिच्या हातात ब्रश देऊन मोकळं व्हायचं नाही. सकाळ-रात्र मोठ्या माणसानं स्वतः घासून द्यायचे. रात्रीचं सीमा करी. सकाळी ती साडेसहालाच घर सोडायची, म्हणून सकाळचं आजीकडे आलं.

"आ कर वं माय. थोडासाक."

पायल तोंड घट्ट मिटून डोक्यानं नाही म्हणे.

"काहून नाई?"

"तू कर आधी."

"माह्ये झाले."

"कधी?"

"तू झोपली होती तवा."

"खोटं! तुझा ब्रश कुठं आहे?"

मग पळापळ. पोरगी पलंगाखाली शिरायची, आजी गुडघे टेकून ओढायची. कसाबसा ब्रश तोंडात गेला तर दातांमध्ये पकडून ठेवायची, नाहीतर वरची गोड पेस्ट चाटून गिळून टाकायची. आंघोळीपर्यंत दोघी घामाघूम. भागीरथाबाई मनात म्हणे, आमच्या पिढीनं कुठं पाह्यला होता ब्रश? मरमर करून घासायचे, तेही दुधाचे दात, जे पडणारच हायेत! पण सुनेला शब्द दिला होता, आणि भरण्याआधी ती दाढ दुखली तेव्हा पोर कशी रात्रभर कुंथली होती ते धर्मेंद्रनं सांगितलं होतं. म्हणून ती रोज पुन्हा ब्रश हातात घेई.

एके पहाटे गॅलरीचं दार किंचित उघडं राहिलं. भागीरथाबाई मिसरी लावत बसली होती. मागं काही हाललं म्हणून वळून बघते, तर पायल दारात उभी. केस पिंजारलेले, एका पायातच चप्पल.

"आजी, तू बोटानं घासतेस?"

भागीरथाबाईनं मूठ झाकली. पण झाकून काय होणार, ओठ काळे झाले होते.

"मलापण बोटानं," पायल म्हणाली आणि शेजारी येऊन उकिडवी बसली. तोंड आपोआप उघडलेलं.

भागीरथाबाई बघतच राहिली. मग उठून आत गेली, पायलची पेस्ट आणली, वाटाण्याएवढी तिच्या बोटावर ठेवली. पोरगी घासायला लागली, अगदी आजीसारखं, मान तिरपी करून, डोळे अर्धवट मिटून. तिचं झाल्यावर भागीरथाबाईनं हात धुऊन स्वतःच्या बोटानं तिच्या दाढा घासून दिल्या, आणि पोरगी चकार शब्द बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी ती आपणहून उठून आली. तिसऱ्या दिवशी आजीनं तिच्यासाठी छोटा पाट टाकून ठेवला. मग रोजचंच झालं. सीमा आंघोळीला गेली, की दोघी गॅलरीत. एकीच्या बोटाला मिसरी, दुसरीच्या बोटाला गुलाबी पेस्ट.

"तुह्या वर्गात ते कोनतं पोट्टं चावते म्हनली होती?"

"शिवम."

"त्याले म्हना, आमच्या गावात एक बोकड होता, थो बी चावे. मंग त्याचं काय झालं, मालूम हाय का?"

आणि बोकडाची गोष्ट. मैनाची गोष्ट. नाल्याला पूर आला तेव्हा सगळ्या बायका कापसाच्या ढिगावर चढून बसल्या होत्या, ती गोष्ट. पायलला निम्मं कळायचं, निम्मं नाही, पण ती मध्येच "मग?" म्हणायची, अगदी मैना म्हणायची तसं. भागीरथाबाईला वाटायचं, आपली बैठक पुन्हा बसली. आपण अकोल्यात एकट्या नाही.

"आई, काय जादू केली तुमी?" सीमानं एकदा विचारलं. "मले रात्री अर्धा तास नाचवते ही. अन् सकायी तुमच्याजवळ गुमान घासते म्हणे."

"जादू कायची? लेकरू हाय. बसलं त बसलं," भागीरथाबाई म्हणाली आणि पोळी उलटली. सांगायला हवं, असं तिला त्या क्षणी वाटलं होतं. पण सांगितलं असतं तर गॅलरीचं दार बंद झालं असतं, हेही तिला कळत होतं.

पावसाळा सरत आला होता. एका सकाळी सीमा शाळेत गेलेली, धर्मेंद्र ड्यूटीवर. पायलला सर्दी झालेली, म्हणून त्या दिवशी बैठक उशिरा बसली. दोघी गॅलरीत असताना दाराची बेल वाजली. सिलेंडरवाला आला होता. भागीरथाबाई चूळ भरून लगबगीनं पुढं गेली. रिकामं सिलेंडर ओढून द्या, नवं बघून घ्या, यात थोडा वेळ गेला. डबी पाटाशेजारीच राहिली होती.

ती परत आली तेव्हा पायल डोळे अर्धवट मिटून, मान तिरपी करून दात घासत होती. हनुवटीपर्यंत काळं ओघळलेलं.

"आजी, बघ! माझे पण काळे झाले!"

आणि खरं सांगायचं तर भागीरथाबाईला पहिल्यांदा हसूच आलं. अर्ध्या क्षणापुरतं. मग तिची नजर उघड्या डबीवर गेली. तिनं पोरीला उचलून नळाखाली धरलं, बोट घालून तोंड धुतलं. "थुक! थुक माय!" पण पायलनं पेस्टसारखंच गिळलंही होतं. बघता बघता पोरीचा चेहरा पांढरा पडला. कपाळावर घाम आला. उचकी लागली आणि मग उलटी, एकामागून एक. "आजी, घर फिरते," म्हणाली आणि तिच्या खांद्यावर मान टाकली.

भागीरथाबाई तशीच, पदराचं भान न ठेवता जिना उतरली. तळमजल्यावर खुशालराव राहायचे, तहसीलमधून निवृत्त झालेले गृहस्थ. त्यांनी पाहिलं आणि काही न विचारता गाडीची किल्ली घेतली. लहान मुलांच्या दवाखान्यात पोचेपर्यंत भागीरथाबाई पोरीच्या कानाशी एकच बोलत होती, "डोये उघडे ठेव वं माय. डोये उघडे ठेव."

"काय खाल्लं हिनं?" डॉक्टरनं विचारलं.

खुशालरावांनी तिच्याकडे बघितलं. नर्सनं बघितलं. पोरीनं काहीतरी पडलेलं उचलून खाल्लं असेल, एवढं म्हणून निभावलं असतं. पण पोर समोर पांढरीफटक पडलेली.

"मिसरी," ती म्हणाली. "माही मिसरी. मी लावतो रोज, थे माह्या बाजूले बसते. आज मी उठून गेली अन् तिनं डबी घेतली."

"किती गेली असेल पोटात?"

"चिमूट. दोन चिमटी. मले नाई सांगता येत, सायेब."

डॉक्टर रागावले नाहीत. सलाइन लावली, छातीवर नळी ठेवून बघितलं, बरंचसं उलटीतून निघून गेलंय म्हणाले, तरी संध्याकाळपर्यंत ठेवून घेऊ म्हणाले. सीमा शाळेतून आली ती थेट पायलच्या खाटेकडे. खुशालरावांनी तिला फोनवर सांगितलं असावं, कारण तिनं काहीच विचारलं नाही. सासूकडे तिनं पाहिलंही नाही. धर्मेंद्र आला, पोरीच्या डोक्यावरून हात फिरवला, आणि आईला म्हणाला, "माय, तू घरी जा. खुशालकाका सोडून देतीन."

घरी आल्यावर भागीरथाबाईनं पहिल्यांदा गॅलरी धुतली. मग डबी उचलली आणि तिच्यातली मिसरी संडासात ओतून पाणी सोडलं. रिकामी डबी कचऱ्यात टाकली. आणि पिशवी भरायला बसली.

दिवेलागणीला तिघं परतली. पायल बापाच्या खांद्यावर, उतरलेल्या चेहऱ्याची पण हुशारीत. कुणी मोठ्यानं बोललं नाही. गावात असतं तर घरच्यांनी चार शिव्या घातल्या असत्या, तिनं दोन ऐकवल्या असत्या, रडून भेकून मन मोकळं झालं असतं. इथं सगळे हळू बोलत होते, आणि तेच तिला सोसवेना.

थोड्या वेळानं सीमा चहा घेऊन तिच्या खोलीत आली. भरलेली पिशवी तिनं बघितली. पलंगाच्या कडेला बसली.

"मले राग आला, आई. अजून हाय. खोटं नाई बोलत."

"येनारच."

"तुमी मले सांगतलं असतं, की पायल तुमच्याजवळ बसते म्हणून..."

"तू बसू देलं असतं का?"

सीमानं विचार केला. "नसतं दिलं."

"मंग? मी कोनाजवळ बसली असती वं?" भागीरथाबाईचा आवाज फाटला. "तुमचे तुमचे उद्योग हायेत. गावाकडं माह्यी मैना होती. अठी दिवसभर कोन बोलते माह्याशी? थे पोरगी बसे बाजूले. मले वाटे, कोनी हाय माह्यं." मग तिनं डोळे पुसले. "तरी चूक माह्यीच हाय. धर्मूले सांग, उद्या मले बडनेऱ्याच्या गाडीत बसवून दे."

बाहेरच्या खोलीतून पायलचा बारीक आवाज आला, "आजी कुठं आहे?"

"आल्यापासून चौथ्यांदा इचारून राहिली," सीमा म्हणाली. "आई, मिसरी सुटत असन त तुमी राहा. मले तुमी पायजे, पायललेही पायजे. पण थे सुटलीच पायजे."

"डबी टाकली. सुटन का नाई, थे मले मालूम नाई. इतक्या वर्साची हाय."

"पाहू," सीमा म्हणाली, आणि पिशवीतलं वरचं लुगडं काढून परत खुंटीला अडकवलं.

ते दिवस वाईट गेले. डोकं भणभणायचं. पोट साफ होईना. भाजीत मीठ दोनदा पडायचं, धर्मेंद्र काही म्हणाला की ती वसकन अंगावर जायची. पहाटे डोळा उघडला की हात आधी कमरेला जाई. सवयीनं ती गॅलरीत जाऊन बसे, आणि रिकाम्या तळव्याकडे बघत राही. एकदा तर खालच्या पानठेल्यापर्यंत गेली होती. ठेलेवाल्यानं "काय देऊ, काकू?" विचारलं, तेव्हा ती म्हणाली, "काई नाई. कोथिंबीर कोठी भेटते?"

आणि इकडे पायलनं तोंड पुरतं बंद केलं. बोट नको, ब्रश नको. कुणी जवळ आलं, की रडायला लागायची. दात घासणं म्हणजे घर फिरणं, असं तिच्या मनानं घेतलं होतं. सीमा गोडीगुलाबीनं थकली, रागावून थकली.

मग एका संध्याकाळी धर्मेंद्र घरी आला, खिशातून एक हिरवा ब्रश काढून आईसमोर ठेवला.

"कोनाचा हा?"

"तुहा."

"येडा झाला का? या वयात?"

"दुकानदारानं इचारलं, कोनासाठी पायजे. म्या सांगतलं, मायसाठी. थो म्हणे, मंग नरम घ्या." धर्मेंद्र आईशेजारी बसला. "माय, तुले आठवते का? मैनामावशीच्या ओट्याखाली मी रोज बसत होतो. तुमी वर बोलत बसत होत्या, मी खाली आयकत होतो. मले सगळ्या गावाच्या भानगडी मालूम होत्या. मंग तू निंबाची काडी चावून, तिचा कुंचा करून माह्ये दात घासून देत होती."

"तू बी चावे माह्यं बोट," भागीरथाबाई म्हणाली. तिला ते विसरायला झालं होतं. आता एकदम सगळं आठवलं: ओट्याची ओली माती, निंबाचा कडू वास, आणि मांडीवर मान टाकून आ वासलेला धर्मू, आभाळातली पाखरं मोजण्यात गुंग.

शनिवारी सीमा दोघींना दातांच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. खुर्चीवर आधी आजी बसली, म्हणून पायलही बसली. डॉक्टर तरुण होता, मन लावून बघत होता. आजीच्या खालच्या ओठाच्या आतला पांढुरका डाग त्यानं दोनदा तपासला. मिसरी सुटली तर बहुतेक जाईल म्हणाला, पण दर तीन महिन्यांनी दाखवत राहा. हिरड्यांतून सुरुवातीला रक्त येईल, घाबरू नका. मग ब्रश कसा तिरपा धरायचा, लहान लहान गोल कसे फिरवायचे, हे त्यानं दोघींना एकदमच दाखवलं. लेकराचं डोकं मांडीवर घेऊन घासलं, तर मागच्या दाढा नीट दिसतात, हेही सांगितलं.

दुसऱ्या पहाटे भागीरथाबाईनं दोन पाट टाकले. पायल दाराआडून बघत होती. आजीनं ब्रशवर पेस्ट घेतली, तोंडात घातली आणि पहिल्याच फटक्यात तो दातांखाली चावला. मग जोरात रगडला. फेस नाकापर्यंत आला, ठसका लागला, पेस्ट लुगड्यावर सांडली.

"असं नाही, आजी!" पायल धावत आली. "गोल गोल! डॉक्टरकाकांनी सांगितलंय. गोल गोल, रेल्वेच्या चाकासारखं!"

"मंग तूच दाखव ना वं. मले कोठी येते?"

पायलनं स्वतःचा ब्रश आणला. दाखवता दाखवता तिचे सगळे दात घासून झाले, हे तिच्या ध्यानातही आलं नाही. मग भागीरथाबाईनं मांडी घातली, पोरीचं डोकं मांडीवर घेतलं आणि राहिलेल्या मागच्या दाढा हलक्या हातानं घासून दिल्या. पोरगी वर बघत होती. तारेवर वाळत घातलेल्या बापाच्या शर्टाची बटणं मोजत होती.

दिवाळीच्या सुट्ट्यांत सगळे गावी गेले. बडनेऱ्याला गाडी बदलून नांदगाव, तिथून ऑटो. शेतांत कापूस फुटला होता, सोयाबीन निघून गेलेलं. पहिल्याच पहाटे भागीरथाबाई पायलचं बोट धरून मैनाच्या ओट्यावर गेली. मैना होतीच. इंदूबाईही होती. शेकोटी नुकतीच पेटलेली.

"ये वं सायबीन," मैना म्हणाली आणि न विचारता डबी पुढं केली.

तो वास आला आणि भागीरथाबाईच्या तोंडाला पाणी सुटलं. हात पुढं झालाही होता. मग तिनं तो मागं घेतला आणि पदराच्या गाठीतून हिरवा ब्रश काढला.

मैना आधी बघत राहिली. मग अशी हसली, की ओट्याखालचं कुत्रं उठून पळालं. "अवं इंदू, पाय! म्हातारीनं बरश आनला! आता कोन पाहाले येनार हाय तुले?"

"हास," भागीरथाबाई म्हणाली. "हासून घे."

हसणं ओसरल्यावर तिनं ब्रश तोंडात घातला, आणि तेव्हा तिला ते उमगलं, जे अकोल्यात कधी ध्यानात आलं नव्हतं. मिसरी लावताना बोलता येतं. अर्धा तास, तास, हवं तेवढं. बोट काढायचं, बोलायचं, पुन्हा घालायचं. इथं मात्र तोंडभर फेस. मैनानं विचारलं, "सून कशी वागवते?" तर हिला "उम्म" एवढंच म्हणता आलं. इंदूबाईनं गावातल्या सूर्यभानच्या पोरीच्या लग्नाची बातमी काढली, हिला "कवा?" विचारता आलं नाही. घासून, चूळ भरून झालं तेव्हा शेकोटीची एक काडीसुद्धा जळली नव्हती.

"झालं?" मैनानं विचारलं.

"झालं."

"इतक्यात?"

भागीरथाबाईला एकदम रडायला आलं. एवढ्याशा वेळात काय सुखदुःख बोलायचं? सारा जन्म ज्या बैठकीवर काढला, ती या ब्रशनं दोन मिनिटांत उठवून दिली होती. तिनं तोंड वळवलं आणि पायलला मांडीवर घेतलं. "आ कर," म्हणाली. पोरीनं आ केला. ती घासत राहिली, हळूहळू, गरजेपेक्षा जास्त वेळ. मैना आणि इंदूबाई बघत होत्या.

"कावून सोडली वं?" शेवटी मैनानं विचारलं. आता आवाजात हसणं नव्हतं.

भागीरथाबाईनं सगळं सांगितलं. सिलेंडरवाला, काळे ओठ, खुशालरावांची गाडी, पांढरा पडलेला चेहरा. ओठ उलटा करून पांढरा डागही दाखवला. मैना ऐकत होती आणि तिचं बोट दातांवर थांबलेलं होतं.

"तुह्यावाचून या ओट्यावर मजा नाई येत, भागी," ती म्हणाली. "आता तू आली, त दोन मिंटात धुवून मोकयी. मंग आता गोठी कवा सांगशीन?"

"तोंड धुतल्यावर. बसाले कोनी नाई म्हनते का? मैना, आता कोनाची सासू हाय आपल्याले उठवाले?"

मैनानं यावर थोडा विचार केला. तिची सासू जाऊन किती वर्षं झाली होती, ते आत्ता तिच्या ध्यानात येत असावं. तिनं डबीचं झाकण लावलं. सोडली वगैरे नाही. ती काही तशी एका बोलण्यानं सोडणारी बाई नव्हती. पण तळव्यावरची उरलेली झटकली, चूळ भरली आणि घरात सुनेला हाक मारली, "शालू, चहा ठेव वं! चार कप. अन् लेकरासाठी दूध."

चहा येईपर्यंत उजाडलं. पायल शेकोटीजवळ मैनाच्या कोंबड्या मोजत बसली. भागीरथाबाईनं पाय लांब केले.

"हं," ती म्हणाली. "सूर्यभानच्या पोरीचं काय म्हनत होती?"

"अवं, काय सांगू तुले," इंदूबाई सरसावून बसली.

उन्हं ओट्यावर आली, चहाचे कप रिकामे झाले, शालूनं दोनदा "आई, शेतात जाचं हाय" म्हणून हाक मारली, तरी तिघींपैकी कुणी उठलं नाही.